वजन उतरवताना लोण्याऐवजी काय? सोलापुरी स्वयंपाकघरासाठी मार्गदर्शन

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली गदा लोण्यावर येते. पाकिटातले बटर आणणे बंद होते, ब्रेड कोरडा खावा लागतो, थालीपीठ घशाखाली उतरत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बटर पुन्हा फ्रिजमध्ये येऊन बसते. यात माणसाचा निश्चय कमी पडतो असे मला वाटत नाही. लोणी ताटात जे काम करत होते ते दुसऱ्या कोणत्याही पदार्थावर सोपवले गेले नाही, म्हणून ताट अपुरे वाटू लागते. हा लेख नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. लोणी कुठे कोणते काम करते, ते ओळखून त्या-त्या जागी चवीला उतरेल असा पर्याय कसा ठेवावा, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. सोलापूरकरांना त्यासाठी दूरच्या वस्तू शोधाव्या लागत नाहीत, कारण शेंगा चटणी, दही, ज्वारी आणि करडईचे तेल आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे.

पहिली पायरी: घरात लोणी किती लागते ते पाहा

काहीही बदलण्यापूर्वी आठवडाभर नेहमीसारखेच खावे, फक्त मोजून खावे. नवे पाकीट उघडले की त्यावर तारीख लिहावी आणि ते संपले की पुन्हा तारीख लिहावी. बाजारातल्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, आणि १०० ग्रॅम बटरमधून सुमारे ७२० कॅलरी मिळतात. म्हणजे ५ ग्रॅमच्या एका लहान चमच्यात साधारण ३६ कॅलरी झाल्या. ब्रेडच्या दोन कापांवर सढळ हाताने लावले तर सहज २० ग्रॅम जाते आणि त्याच्या सुमारे १४५ कॅलरी होतात.

आता हिशेब करावा. चार माणसांच्या घरात महिन्याला अर्धा किलो बटर लागत असेल आणि ते सगळे सारखेच खात असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम ३० कॅलरी येतात. अशा घरात बटर बंद करून वजनात विशेष फरक पडणार नाही; तिथे फोडणीचे तेल, फरसाण आणि चहातली साखर आधी पाहिली पाहिजे. पण तेच पाकीट एकटा माणूस सकाळच्या टोस्टवर आणि रात्रीच्या पावभाजीत संपवत असेल, तर त्याला दिवसाला सुमारे १२० कॅलरी त्यातूनच मिळत आहेत. हा हिशेब न करता केलेला त्याग बहुधा चुकीच्या वस्तूचा होतो, म्हणून ही पायरी गाळू नये, असा माझा आग्रह आहे.

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरण्याची पद्धत आहे. रोजच्या शंभर-सव्वाशे कॅलरी वाचल्या आणि बाकीचे खाणे तसेच राहिले, तर महिन्याला फार तर अर्धा किलो उतरेल. हे कमी वाटले तरी उपाशी न राहता मिळणारे आहे, त्यामुळे टिकते.

दुसरी पायरी: लोणी काय काम करते ते ओळखा

लोण्याचे गुण एकाच वेळी अनेक आहेत. ते तोंडातल्या उबेने वितळते, म्हणून कोरडा घास मऊ होतो. त्याला स्वतःचा सुगंध आहे, आणि मसाल्यातले व लसणातले सुवास स्निग्धांशात विरघळत असल्याने ते सुवासही जिभेपर्यंत पोचतात. विकतच्या बटरमध्ये मीठ असते, आणि आपल्याला जे बटरचे वेड वाटते त्यातला बराच वाटा या मिठाचा असतो. शिवाय तव्यावर पदार्थ चिकटू न देणे, त्याला तांबूस रंग आणणे आणि केक-बिस्किटात खुसखुशीतपणा आणणे ही कामे वेगळीच.

हे एकदा लक्षात आले की पर्याय शोधणे सोपे जाते. घास ओला करण्याचे काम दही, चक्का, आमटी किंवा ताक करू शकते. खारट-चविष्टपणा चटणी आणि खर्डा देतात. तवा सोडवण्यासाठी तेलाचा हात पुरतो. लोण्याचा स्वतःचा सुगंध मात्र कशानेही मिळत नाही. तो हवा असेल तिथे लोणीच घ्यावे, पण थोडे आणि शेवटी. लोण्यासारखाच लागणारा एकच पदार्थ शोधत बसलेली माणसे थकतात, कारण तसा पदार्थ नाही.

तिसरी पायरी: चक्का तयार ठेवा

ब्रेड, टोस्ट, सँडविच आणि पोळीच्या गुंडाळीसाठी माझ्या मते चक्क्याइतका चांगला पर्याय नाही. श्रीखंडासाठी आपण तो करतोच. इथे त्यात साखरेऐवजी मीठ आणि लसूण घालायचा आहे. टोन्ड दुधात साधारण ३ टक्के स्निग्धांश असतो, तर म्हशीच्या दुधात त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो, म्हणून विरजण टोन्ड दुधाला लावावे. अर्धा लिटर दुधाचे घट्ट दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवावे, चाळणीखाली भांडे ठेवावे आणि हे सगळे चार ते सहा तास फ्रिजमध्ये राहू द्यावे. खुंटीला टांगण्याची जुनी पद्धत थंडीत चालते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि बाहेर टांगलेले दही दोन तासांत आंबट होते. तो आंबटपणा पुढे कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही.

साधारण दोन-सव्वादोनशे ग्रॅम चक्का मिळतो. तो चमच्याने चांगला फेटावा, म्हणजे त्याला लोण्यासारखा मऊपणा येतो. मग त्यात ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, पाव चमचा मीठ, भरडलेली मिरपूड आणि अगदी बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. लसूण कच्चा आवडत नसेल तर पाकळ्या सालासकट तव्यावर भाजून घ्याव्यात. त्यांचा उग्रपणा जातो आणि गोडसर चव येते. तिखट खाणाऱ्यांनी हिरव्या मिरचीचा खर्डा अर्धा चमचा मिसळावा, तर लहान मुलांसाठी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किसलेले गाजर पुरे. मीठ नेहमी खायच्या दिवशीच घालावे, कारण आधी घातले की चक्क्याला पाणी सुटते. बिनमिठाचा चक्का झाकणाच्या डब्यात तीन दिवस चांगला राहतो.

असा दोन मोठे चमचे चक्का दोन कापांना पुरतो आणि त्यातून तीस-पस्तीस कॅलरी मिळतात. बटरच्या सुमारे १४५ कॅलरींशी त्याची तुलना केली की फरक दिसतो. त्यात प्रथिने असल्यामुळे न्याहारीनंतर भूकही लवकर लागत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. चक्का गरम टोस्टवर वितळत नाही, तो थंडच राहतो. म्हणून ब्रेड तव्यावर तेलाशिवाय मंद आचेवर कडक भाजून घ्यावा आणि चक्का खाण्याच्या क्षणी लावावा. कुरकुरीत आणि गार यांचा मेळ चांगला जमतो. आधी लावून डब्यात दिलेले सँडविच ओले होते. डब्यासाठी काकडीचे काप कोरडे पुसून मध्ये घालावेत आणि चक्का पातळसरच लावावा.

चक्क्याची निवळी ओतून देऊ नये. धपाट्याचे किंवा थालीपिठाचे पीठ तिच्यात मळले की किंचित आंबूस चव येते आणि पाण्याची गरज राहत नाही.

चौथी पायरी: भाकरीचे लोणी बदला

ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा हे आपल्याकडचे सुख आहे, आणि ते सोडा असे सांगताना मला वाईट वाटते. म्हणून इथला पर्याय सगळ्यात जपून निवडला पाहिजे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या ज्वारीच्या भाकरीला स्वतःची गोडी असते. लोण्याखाली ती झाकली जाते, हे लोणी कमी केल्यावरच कळते.

भाकरीसोबत सोलापुरी शेंगा चटणी आणि दही हा जोड सगळ्यात समाधान देणारा आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटले की चटणी ओलसर होते, आणि हा ओलसरपणाच घासाला लोण्यासारखा वाटतो. मिक्सरमध्ये केलेली चटणी बहुधा कोरडी भुकटी होते. घरी उखळ नसेल तर खलबत्त्यात थोडी-थोडी कुटावी, किंवा मिक्सर सलग न फिरवता थांबत-थांबत फिरवावा आणि मधे चमच्याने खालवर करावे.

या चटणीबद्दल सावध मात्र राहिले पाहिजे, कारण ती घरची आणि पौष्टिक म्हणून आपण हात सैल सोडतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात आणि जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. चटणीच्या १० ग्रॅममधून पन्नासेक कॅलरी मिळतात, म्हणजे वजनाच्या हिशेबाने ती बटरपेक्षा थोडीच हलकी आहे. तिची खरी ताकद चवीच्या तिखटपणात आहे: थोडीशी चटणी पुष्कळ दह्याला चव देते. एक लहान चमचा चटणी आणि दोन मोठे चमचे दही कालवले तर अख्ख्या भाकरीला तोंडीलावणे होते आणि पन्नासच्या आत कॅलरी जातात. तीच भाकरी तीन लहान चमचे लोण्याबरोबर खाल्ली तर शंभरावर जातात. चटणीवर वरून तेल ओतून खाण्याची सवय असेल, तर तेलाऐवजी दही घ्यावे.

शेंगदाणे चालत नसतील किंवा बदल हवा असेल तर कारळ्याची आणि जवसाची चटणी आहे. जवस भाजून कुटलेलाच खावा. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. त्यात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले चांगल्या प्रमाणात असतात. कुटलेली जवसाची चटणी फार दिवस ठेवली तर खवट होते, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतीच करावी.

कडक भाकरीचा मार्ग आणखी सोपा आहे. ती कुस्करून पातळ आमटीत किंवा ताकात भिजवली की तिला लोण्याची गरजच उरत नाही. ताकात भिजवताना वर चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि चिमूटभर जिरेपूड घालावी. धपाटे आणि थालीपीठ यांच्यासोबत दही आपण खातोच. तिथे लोण्याचा गोळा केवळ सवयीने येतो आणि तो काढल्याची उणीव मला तरी सगळ्यात कमी जाणवते. थालीपीठ कोरडे होऊ नये म्हणून पिठात किसलेला दुधी किंवा काकडी घालावी आणि झाकण ठेवून भाजावे.

पाचवी पायरी: तव्यावरची सवय बदला

डोसे, उत्तप्पे आणि पराठे यांवर आपण लोणी सोडतो ते निम्मे चवीसाठी आणि निम्मे पदार्थ सुटावा म्हणून. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड शेजार असल्यामुळे डोसा हा इथल्या मराठी घरांतही नेहमीचाच पदार्थ आहे. बिडाचा तवा चांगला तापवून, अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तव्यावर फिरवावा. एका डोशाला पाव चमचाही तेल लागत नाही, शिवाय कांद्याचा वास लागतो. पराठा आधी दोन्ही बाजूंनी कोरडा भाजून घ्यावा आणि शेवटी एकाच बाजूला तेलाचा हात फिरवावा. तेल बाटलीतून थेट ओतू नये, वाटीत काढून चमच्याने घ्यावे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बटरऐवजी तेल किंवा तूप वापरल्याने कॅलरी कमी होत नाहीत, उलट वाढतात. बटरमध्ये थोडे पाणी असते. तेल आणि तूप जवळजवळ पूर्ण स्निग्धांश आहेत, म्हणून ५ ग्रॅम तेलात किंवा तुपात ४५ कॅलरी येतात. घरचे लोणी घेतल्यानेही कॅलरी वाचत नाहीत. ते खारट नसते हा त्याचा गुण, पण त्याचा गोळा आपण विकतच्या बटरपेक्षा मोठाच घेतो. तेलाचा फायदा वेगळा आहे. १०० ग्रॅम बटरमध्ये ५० ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो, तर करडईच्या तेलात तो १० टक्क्यांच्या आत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त मेदातून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात. दिवसाला १,५०० कॅलरी घेणाऱ्यासाठी ही मर्यादा साधारण १६ ग्रॅम होते, आणि दोन मोठे चमचे बटरमध्येच त्यातले १४ ग्रॅम संपतात. त्यामुळे हृदयाच्या दृष्टीने करडई, शेंगदाणा किंवा तत्सम तेल बरे, परंतु वजनाच्या दृष्टीने चमचा मोजावाच लागतो. करडई हे आपल्या कोरडवाहू रब्बीतले ओळखीचे पीक. लाकडी घाण्याचे तेल मिळाले तर त्याचा स्वाद चटणीवर अर्धा चमचा घेऊनही कळतो.

सहावी पायरी: पावभाजी न सोडता खा

बटरवाचून पावभाजी होत नाही असे मानले जाते. थोड्या बटरमध्ये ती उत्तम होते, मात्र बटर कधी घालायचे ते ठरवावे लागते. सुरुवातीला कांदा परतताना घातलेले बटर भाजीत हरवते. कॅलरी पोटात जातात पण वास जाणवत नाही. म्हणून कांदा आणि ढोबळी मिरची एक चमचा तेलात, मिठाची चिमूट घालून, तांबूस होईपर्यंत परतावी. कोरडे वाटले की पाण्याचा हबका मारावा. टोमॅटो पूर्ण गळून कडेने सुटेपर्यंत शिजवावा, कारण भाजीला येणारा दाट गोडवा बराचसा यातूनच येतो. बटाटा निम्मा करून त्याजागी फ्लॉवर, वाटाणा आणि थोडा दुधी घोटला की भाजी मऊ होते. रंगासाठी बीटाची एक फोड पुरे. गॅस बंद केल्यावर चार माणसांच्या भाजीवर दोन लहान चमचे बटर घालून झाकण ठेवावे. वाफेबरोबर वास वर येतो आणि पहिल्या घासाला बटर पुरेपूर असल्यासारखे वाटते. पाव तव्यावर भाजीच्या मसाल्याचा हात लावून कोरडाच शेकावा.

डाळीच्या फोडणीलाही हेच लागू आहे: वरून अर्धा चमचा साजूक तूप घातले तर ते कळते, आत शिजवलेले दोन चमचे कळत नाहीत.

सातवी पायरी: दुकानातले पर्याय तपासून घ्या

डब्यावर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले असो, मागचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचावा आणि दर १०० ग्रॅमचा आकडा पाहावा. नेहमीच्या मेयोनेझमध्ये बटरइतक्याच कॅलरी असू शकतात, त्यामुळे सँडविचमध्ये बटर काढून मेयोनेझ घातल्याने काहीच साधत नाही. पीनट बटरच्या एका मोठ्या चमच्यात नव्वदच्या पुढे कॅलरी असतात. प्रथिनांमुळे ते पोटभरीचे आहे, पण साखर आणि वेगळे तेल न घातलेलेच घ्यावे. कमी स्निग्धांशाचे बटर मिळते; ते घेतले तर पूर्वीइतकेच लावावे, दुप्पट नव्हे. मार्गारीन (तेलापासून केलेले बटरसारखे उत्पादन) व वनस्पती तूप यांबाबत एक नियम माहीत असावा: १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले आणि चरबींमध्ये ट्रान्स फॅटची (हृदयाला अपायकारक अशा मेदाची) कमाल मर्यादा २ टक्के केली आहे. तरीही कॅलरीच्या बाबतीत ही दोन्ही हलकी नाहीत, आणि वजन उतरवण्यासाठी ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.

केक घरी करत असाल तर अर्ध्या बटरच्या जागी घट्ट दही किंवा कुस्करलेले पिकलेले केळे चालते. नानकटाईत चालत नाही; ती क्वचितच, पण खऱ्या तुपाचीच करावी.

घरच्यांचा विचार

एका माणसाच्या वजनासाठी सगळ्या घराचे लोणी बंद करू नये. वाढीच्या वयातल्या मुलांना आणि अशक्त वृद्धांना त्याची गरज असू शकते. पाकिटाचे १० ग्रॅमचे तुकडे कापून डब्यात ठेवावेत, म्हणजे ज्याला हवे तो एक तुकडा घेईल आणि सुरीने अंदाजे कापले जाणार नाही. आपल्या आहारातून स्निग्धांश पूर्ण काढण्याचीही चूक करू नये. पालेभाजी आणि गाजर यांतली अ जीवनसत्त्वाला पूरक द्रव्ये शरीरात शोषली जाण्यासाठी थोडे तेल लागतेच. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असेल तर चटणी आणि चक्का दोन्हींतले मीठ हात राखून घालावे.

बदल एकदम न करता पहिल्या आठवड्यात फक्त न्याहारीचे बटर बदलावे, ते अंगवळणी पडले की भाकरीचे, आणि मग तव्यावरचे. कमी खारट, कमी तुपकट चव जिभेला काही आठवडे अळणी वाटते, नंतर तीच पुरते.

बाहेर खाताना बटर कमी घाला एवढे सांगून भागत नाही, कारण तव्यावर ते आधीच पडलेले असते. पावभाजी मागवताना पाव कोरडा शेकायला आणि वरचे बटर वेगळ्या वाटीत द्यायला सांगावे. गर्दी नसलेल्या वेळी गेलो तर गाडीवालेही ऐकतात. थंडीत हुरड्याला शेतावर बोलावणे आले तर मात्र निश्चिंत जावे. आगटीतला गरम हुरडा, दही आणि लसणाची चटणी यांत लोण्याला जागाच नसते. शेंगा चटणी तेवढी ताटात एकदाच, चमच्याने घ्यावी.